ऐकून घेणारी माणसे

परीक्षेची धास्ती, घरातील भांडणे, मित्राने धरलेला अबोला अशी कितीतरी दुःखे मुलांच्या मनात असतात. ती आईवडिलांना सांगवत नाहीत, वर्गात बोलून दाखवता येत नाहीत. ती शांतपणे ऐकून घेऊन मुलाला आपली वाट शोधण्यास साह्य करणे, ह्याला समुपदेशन म्हणतात. काही शाळांत त्यासाठी स्वतंत्र समुपदेशक असतात. पुष्कळ ठिकाणी एखादा शिक्षकच हे काम सांभाळतो.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हावयाचा होता. तो पुढे ढकलला गेला आणि अखेर रद्द झाला. २०२१ मध्ये तर दहावीची सगळी परीक्षाच रद्द झाली. लोकलगाड्या थांबल्यामुळे पनवेलहून रोज मुंबईस कामाला जाणारे कित्येक पालक घरी बसले. मुलांच्या मनावर ह्या साऱ्याचे ओझे पडले, आणि नेमक्या त्याच वेळी समुपदेशकाच्या खोलीला कुलूप लागले.

मूल काय बोलते ह्यापेक्षा ते कोठे अडखळते, नजर कोठे वळवते, ह्यावरून समुपदेशकाला पुष्कळ कळते. दूरध्वनीवर हे कसे कळावे? त्यातून घर एका खोलीचे. आजी, भावंडे शेजारीच बसलेली. आमच्या पनवेलमधील एका समुपदेशक बाईंनी ह्यावर तोड काढली. त्या मुलाला सांगत, "प्रश्न मी विचारते; तू नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हण." मला ही युक्ती फार आवडली. पण ज्यांच्या घरी फोनच नव्हता, त्यांच्यापुढे तिचा काय उपयोग?

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने 'मनोदर्पण' हा उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून विनामूल्य समुपदेशन मिळू लागले. परंतु समुपदेशकही माणूसच! मुले जी भीती बोलून दाखवीत, तीच त्याच्याही घरात शिरलेली असे. ह्या बाईंचे वडील रुग्णालयात असताना, वडील गमावलेल्या एका मुलाचा फोन आला. त्यांनी सारे ऐकून घेतले, त्याला धीर दिला आणि फोन ठेवल्यावर त्या स्वतः रडल्या. पुढे त्या रोज रात्री दुसऱ्या एका समुपदेशक मैत्रिणीशी बोलू लागल्या. एके दिवशी एकीने बोलावे, दुसऱ्या दिवशी दुसरीने.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले. मुले आली, पण सर्वांच्या तोंडावर मुखपट्ट्या. मी बाईंना म्हटले, "आता ह्यांचे चेहरे कसे वाचणार?" त्या हसून म्हणाल्या, "सर, निदान डोळे तरी दिसतात!"