पित्ताशय-उच्छेदनाचे विलंबित उपद्रव

पित्ताशय शस्त्रक्रियेने काढून टाकल्यानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी उद्भवणाऱ्या विकारांना पित्ताशय-उच्छेदनाचे विलंबित उपद्रव म्हणतात. ही शस्त्रक्रिया प्रथम १८८२ मध्ये बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी केली. उदरदर्शकाच्या (दुर्बिणीच्या) साहाय्याने ती १९८५ मध्ये जर्मनीतच एरिक म्युहे यांनी केली; भारतात ही पद्धत १९९० मध्ये मुंबईत तेहेमटन उडवाडिया यांनी आणली. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ते केवळ साठवते व दाट करते. त्यामुळे बहुसंख्य रुग्णांना त्याच्या अभावाचा त्रास जाणवत नाही.

पित्तनलिकेतील खडे

पित्ताशय काढल्यावर खडे होणारच नाहीत, हा समज बरोबर नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षात न आलेला खडा सामाईक पित्तनलिकेत राहू शकतो किंवा तेथे नवा तयार होऊ शकतो. शस्त्रक्रियेपासून दोन वर्षांच्या आत आढळलेला खडा सामान्यतः मागे राहिलेला मानतात. कावीळ, थंडी वाजून येणारा ताप व उजव्या बरगडीखालील वेदना ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यास पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. अशा वेळी विलंब जिवावर बेतू शकतो. खडा बहुधा तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून काढता येतो.

पित्तनलिकेचे आकुंचन

हा सर्वांत गंभीर उपद्रव होय. सामाईक पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नलिका समजण्याची चूक हे त्याचे प्रमुख कारण आहे. नलिका पूर्ण कापली गेली, तर ते लवकर कळते; परंतु विद्युत्‌दहनाच्या उष्णतेने किंवा रक्तपुरवठा तुटल्याने झालेली इजा प्रारंभी लपून राहते. व्रणऊती हळूहळू आवळत जाते आणि कावीळ कधीकधी काही वर्षांनी दिसते. दीर्घकाळ अडथळा राहिल्यास यकृतसूत्रण होते. उपचारासाठी नलिकेत स्टेंट बसवतात किंवा लहान आतड्याचा भाग यकृतनलिकेला जोडतात.

सांडलेले खडे

उदरदर्शकीय शस्त्रक्रियेत पित्ताशय फाटून खडे उदरपोकळीत सांडू शकतात. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी ठरतात. क्वचित त्यांभोवती पू साचून गळू होते, तेही इतक्या उशिरा की जुन्या शस्त्रक्रियेशी संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. ही गाठ अर्बुद वाटून निदान चुकू शकते. शस्त्रक्रियेच्या टिपणात खडे सांडल्याची नोंद असणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

इतर उपद्रव

काही रुग्णांना वारंवार पातळ शौचास होते. पित्ताम्ले आतड्यात सतत उतरून मोठ्या आतड्यापर्यंत अधिक प्रमाणात पोहोचतात, हे त्याचे कारण असते. कोलेस्टिरामीन हे औषध ती बांधून ठेवते. दुर्बिणीसाठी, विशेषतः बेंबीजवळ, घेतलेल्या छेदातून पुढे हर्निया होऊ शकतो. पोटदुखी व अपचन कायम राहिल्यास मात्र सर्व दोष शस्त्रक्रियेला देता येत नाही. जठरव्रण, अम्लपित्त किंवा क्षोभी आतडे हे विकार अनेकदा आधीपासूनच असतात आणि खड्यांमुळे झाकले गेलेले असतात.