फिल्टरचा नॉब आणि पाचवा हार्मोनिक
विजेचे सूर : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण ऑसिलेटरपाशी थांबलो होतो. सॉटूथ म्हणजे करवती लहर 55 हर्ट्झवर लावली, तर तिच्यात नुसता 55 हर्ट्झचा सूर नसतो. 110, 165, 220, 275 अशी सगळी पटीतली कंपनं तिच्या पोटात असतात. दुसरा हार्मोनिक पहिल्याच्या निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, असा त्यांचा उतरता क्रम. चौकोनी लहरीत यातले फक्त विषम क्रमांकाचे उरतात.

अशी करवती लहर तशीच ऐकत बसलं, तर पंधरा सेकंदांत कंटाळा येतो. सगळं एकदम आणि सतत ऐकू येत असतं, त्यामुळे कानाला धरायला काही मिळत नाही. तरीही क्लबमध्ये वाजणाऱ्या असंख्य बेसलाइन याच लहरीतून निघालेल्या असतात. मधलं काम फिल्टर करतो. आजचा लेखांक त्याचाच, आणि त्यातही लो-पास फिल्टरचा. हाय-पास, बँड-पास, नॉच ही त्याची भावंडं, पण लो-पास हाताखालून गेला की ती समजायला तासभरही लागत नाही.

लो-पासचं काम सरळ आहे. कटऑफ नावाची एक मर्यादा ठरवायची, तिच्या खालचं जाऊ द्यायचं आणि वरचं दाबायचं. पण मर्यादेच्या वरचं सगळं एकदम कापलं जात नाही, ते उतरत जातं. 24 डेसिबलचा फिल्टर असेल, तर कटऑफच्या बरंच वर गेल्यावर दर सप्तकामागे लहरीची उंची सोळाव्या हिश्श्यावर येते. 12 डेसिबलचा असेल तर चौथ्या हिश्श्यावर. रॉबर्ट मूग यांच्या ट्रान्झिस्टर-शिडीच्या फिल्टरला 1969 साली अमेरिकी पेटंट मिळालं. तो 24 डेसिबलचा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लॅडर’ नावाचा पर्याय दिसतो, तो त्याच घराण्यातला.

खरी गंमत दुसऱ्या नॉबची, रेझोनन्सची. फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडला, की कटऑफच्या अगदी जवळची कंपनं उचलली जातात आणि बाकीची तुलनेनं मागे राहतात. इथे मराठी वाचकाला एक सोय आहे, कारण हा अनुभव आपल्या कानांना जुना आहे. तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा किंचित पुढे-मागे सरकवला की एकाच तारेतून वेगवेगळे सूर उजळत जातात. मिरजेच्या कारागिरानं जवारी नीट काढली असेल, तर खर्जाची तार छेडल्यावर त्यातून गंधार ऐकू येतो. कोणी तो लावलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिक.

आता 55 हर्ट्झला षड्ज माना. रेझोनन्स बराच वाढवा आणि कटऑफ अगदी सावकाश वर न्या. 110 ला वरचा षड्ज, 165 ला पंचम, 220 ला पुन्हा षड्ज. 275 ला पोचलात की तोच गंधार. 330 ला पंचम, आणि 385 ला कोमल निषादाच्या थोडा खाली रेंगाळणारा एक सूर, जो पेटीवर सापडणार नाही. तुम्ही पट्टी एकच दाबून ठेवली आहे. फिल्टरनं यातला एकही सूर निर्माण केलेला नाही, तो आत असलेल्याच सुरांवर एकेक करून बोट ठेवतो आहे. साउंड डिझाइनचे कितीतरी धडे पुढे येतील, पण हा एक कानात बसल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं. प्रीसेट उघडून ‘हा छान, हा बेकार’ करत महिने घालवणाऱ्यांना नेमकं हेच ऐकू येत नाही.

या एका युक्तीवर अ‍ॅसिड हाउस ही एक अख्खी संगीतशैली उभी राहिली, आणि तीही एका फसलेल्या यंत्रामुळे. जपानच्या रोलँड कंपनीनं 1981 मध्ये टीबी-303 नावाची छोटी चंदेरी पेटी बाजारात आणली. तदाओ किकुमोतो यांनी ती बनवली होती. सोबतीला टीआर-606 हे तालयंत्र. हेतू असा, की एकट्या गिटारवादकाला बेसवादकाशिवाय रियाज करता यावा. पण हिचा आवाज बेस गिटारसारखा नव्हता, आणि सूर भरायची पद्धत इतकी आडवळणाची, की लोक वैतागले. 1984 मध्ये उत्पादन बंद पडलं. तोवर सुमारे दहा हजार नग निघाले होते. ते सेकंडहँड दुकानांत स्वस्तात पडून राहिले.

आत काय होतं? एक ऑसिलेटर, करवती किंवा चौकोनी लहरीची निवड, एक डायोडच्या शिडीचा लो-पास फिल्टर आणि सोळा पायऱ्यांचा सिक्वेन्सर. वरच्या ओळीत सहा नॉब: ट्यूनिंग, कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलप मॉड, डिके, अ‍ॅक्सेंट. एवढंच. आजचं एखादं मोफत प्लगइनसुद्धा यापेक्षा कितीतरी जास्त देतं. पण 303 मध्ये दोन गोष्टी अशा आहेत, की ज्यांची नक्कल करताना भले भले चुकतात.

पहिली, स्लाइड. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना एन्व्हलप (सुराच्या चढ-उताराचा आराखडा) नव्यानं सुरू होत नाही, म्हणजे दुसऱ्या सुराला वेगळा आघात मिळत नाही. आपण जिला मींड म्हणतो तिच्या जवळ जाणारी ही गोष्ट. दुसरी, अ‍ॅक्सेंट. ज्या पायरीवर अ‍ॅक्सेंट असतो तिथे आवाज मोठा होतोच, शिवाय फिल्टरही जास्त उघडतो. आणि एकामागोमाग एक अ‍ॅक्सेंट आले, तर सर्किटमधला कपॅसिटर मधल्या वेळात पूर्ण रिकामा होत नाही, त्यामुळे पुढचा अ‍ॅक्सेंट आधीच्याहून वर चढतो. म्हणजे त्याच सोळा पायऱ्या, पण अ‍ॅक्सेंट कुठे टाकलेत त्यावर बेसलाइनची चाल बदलते. सॉफ्टवेअरमध्ये नुसती व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते) फिल्टरला जोडून हे जमत नाही, कारण तिथे आधीच्या सुराची शिल्लक पुढे येत नाही.

शिकागोत डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या फ्यूचर या गटाच्या हाती अशीच एक जुनी 303 लागली. ती नीट वाजवायची कशी हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी नॉब फिरवायला सुरुवात केली. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही त्यांची रेकॉर्ड 1987 मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सनं काढली. अकराएक मिनिटांची ही रचना. त्यात बेसचा नमुना जवळजवळ तसाच फिरत राहतो आणि बदलतो तो फक्त आवाजाचा पोत. त्याआधी म्युझिक बॉक्स क्लबमध्ये रॉन हार्डी यांनी टेप वाजवली तेव्हा पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले, आणि त्याच रात्री चौथ्यांदा वाजली तेव्हा बेभान झाले, असं सांगतात. गोष्ट रंगवलेली असेलही, पण ती रचना आज ऐकली तरी पहिल्या मिनिटाची अस्वस्थता कळते.

मुंबईचा धागा याच्याही आधीचा. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303 ही तीन रोलँड यंत्रं, आणि भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. तेव्हा तो फारसा कोणी विकत घेतला नाही. 2010 मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला आणि ‘अ‍ॅसिड हाउसचा जन्म मुंबईत’ असे मथळे गाजले. मला तो दावा पटत नाही. शिकागोतल्या पोरांनी हा अल्बम ऐकल्याचा काही पुरावा नाही. शिवाय दोन्हीकडे यंत्र एक असलं तरी विचार उलटे आहेत. चरणजित सिंग यांच्याकडे कुतूहल आहे ते सुरांच्या चलनाचं. रागाची वाट ज्युपिटरवर चालते आणि 303 खाली धरून ठेवते. फ्यूचरनं सुरांचा विस्तार सोडूनच दिला आणि फिल्टरचा विस्तार केला. दोन्ही लागोपाठ ऐका, मथळ्यांपेक्षा जास्त हाती लागेल. पुढे हार्डफ्लोअरनं 1992 च्या ‘अ‍ॅक्सपिरियन्स 1’ मध्ये एकाहून अधिक 303 एकमेकींत गुंफल्या, आणि अंजुण्याच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेल्या गोवा ट्रान्सलाही याच वळवळणाऱ्या बेसनं खाद्य पुरवलं.

आता हाताला काम. मूळ 303 आज लाखांत जाते, ती घेण्याच्या फंदात पडू नका. व्हायटल किंवा सर्ज एक्सटी हे सॉफ्टवेअर सिंथेसायझर घ्या, दोन्ही फुकट मिळतात. कोरा पॅच घ्या, एकच करवती ऑसिलेटर, 24 डेसिबलचा लो-पास. हेडफोन लावा, कारण लॅपटॉपच्या स्पीकरला 55 हर्ट्झ झेपत नाही. आवाज आधी कमी करा, मगच रेझोनन्स वाढवा. काही फिल्टर टोकाला स्वतःच शीळ घालू लागतात आणि कानाला इजा होऊ शकते. मग पट्टी दाबून धरा आणि कटऑफ हातानं फिरवत गंधार शोधा. सोबत स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं प्लगइन लावलंत तर डोळ्यांनाही दिसेल, पण आधी कान, मग पडदा.

दोन अडचणी येतील. लॅडर जातीच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढवला की खालचा बेस पातळ होतो. त्यासाठी खाली त्याच सुराची साधी साइन लहर वेगळ्या ट्रॅकवर द्या, तिला फिल्टर नको. दुसरी अडचण डिस्टॉर्शनची. ते फिल्टरनंतर लावलं तर रेझोनन्सचं टोक चिरडून त्यातून नवे हार्मोनिक फुटतात, आवाज किंचाळतो. फिल्टरआधी लावलं तर फिल्टरला कापायला जास्त माल मिळतो आणि शेवटी आवाज आटोक्यात राहतो. जॉश विंक यांची 1995 ची ‘हायर स्टेट ऑफ कॉन्शसनेस’ ऐकलीत तर पहिला प्रकार कुठवर ताणता येतो ते कळेल. दोन्ही क्रम लावून पाहा आणि प्रत्येक पॅच वेगळ्या नावानं जतन करा. पुढच्या लेखांकात नॉबवरचा हात काढून तीच हालचाल एन्व्हलपकडे सोपवायची आहे, तेव्हा हे दोन्ही पॅच लागतील.