चढाई भारी की पकड? कबड्डीतल्या समतोलाविषयीचे गैरसमज

गिरणगावाने कबड्डी नुसती पाहिली नाही, ती पोसली. ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना, वडाळ्याचे भारतीय क्रीडा मंदिर, दादरचे अमर हिंद मंडळ ही नावे मुंबईच्या कबड्डीतून वगळताच येत नाहीत. तरीही याच पट्ट्यातल्या एखाद्या मैदानाच्या कडेला उभे राहिले की एक वाद हटकून कानावर पडतो : चढाई भारी की पकड? या वादात बोलणारे ठामपणे बोलतात, पण त्यांची बरीचशी विधाने नियमांच्या कसोटीवर टिकत नाहीत. एक भूमिका दुसरीच्या डोक्यावर कायमची बसू नये, याची काळजी कबड्डीच्या नियमांनी फार बारकाईने घेतली आहे. ती कुठे आणि कशी घेतली आहे हे कळले, की सामना बघण्याची गोडी वाढते.

गैरसमज 1 : चढाईत गुण जास्त मिळतात, म्हणजे सामना चढाईपटूच जिंकून देतो.

वस्तुस्थिती : आकडे पाहिले तर हा समज खराच वाटेल. प्रो कबड्डीच्या 2017च्या हंगामात प्रदीप नरवालने चढाईचे 369 गुण मिळवले. पुढच्याच वर्षी नितेश कुमारने एका हंगामात पकडीचे 100 गुण पूर्ण केले, तेव्हा तो विक्रम ठरला. तिप्पट-चौपट फरक!

पण हा फरक मोजण्याच्या पद्धतीतून येतो. चढाईला एकटा गडी जातो, त्यामुळे मिळाले ते सगळे त्याच्या खात्यावर जमा होते आणि एका चढाईत तो दोन-तीन गडीही मारू शकतो. पकडीला मात्र एकच गुण, फार तर दोन. त्या एका गुणामागे किती हात असतात ते जवळून पाहा. कोपऱ्यातला गडी वाकून चढाईपटूच्या मागे राहिलेल्या पायाचा घोटा धरतो. त्याच क्षणी शेजारचा मध्यरक्षक कमरेत शिरून त्याचा मध्यरेषेकडचा झोक तोडतो. उरलेले दोघे त्याला आत ओढतात. नोंद होते ती एकाच नावावर.

शिवाय पकडीची खरी किंमत गुणफलकावर दिसतच नाही. पकडला गेलेला चढाईपटू बाहेर जाऊन बसतो आणि त्याच्या संघाने समोरचा गडी मारून त्याला उठवेपर्यंत तिथेच राहतो. संघाचा मुख्य चढाईपटू असा चार-पाच मिनिटे बाहेर राहिला, तर गेलेला एक गुण ही त्या नुकसानीतली सर्वांत लहान बाब असते. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हेच झाले. 1990 पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघाला इराणने उपांत्य फेरीत 27-18 असे हरवले. नामवंत चढाईपटू असूनही भारताला विशीही गाठता आली नाही. इराणच्या बचावाने त्यांना उठूच दिले नाही.

गैरसमज 2 : एकाविरुद्ध सात हा मुळातच चढाईपटूवर अन्याय आहे.

वस्तुस्थिती : संख्येचा हा तोटा नियमांनी चढाईपटूला तीन ठिकाणी भरून दिला आहे. पहिले, त्याला नुसता स्पर्श पुरतो. बोट लागले आणि तो सुखरूप मध्यरेषेवर परतला की समोरचा बाद. पकडणाऱ्यांना मात्र त्याला धरून, रोखून ठेवावे लागते. दुसरे, कोणावर आणि कधी जायचे हे तो ठरवतो. त्याच्या हातात 30 सेकंद असतात. तिसरे, बोनस रेषा. चढाईत एरवी ओलांडावी लागणाऱ्या निदान रेषेच्या एक मीटर पुढे असलेली ही रेषा ओलांडली, की कोणाला स्पर्श न करताही गुण मिळतो. मात्र समोर किमान सहा गडी असतील तरच.

या शेवटच्या अटीत समतोलाचे सगळे शहाणपण आहे. मैदानात गर्दी असते तेव्हाच बोनसचा दरवाजा उघडा असतो. समोर पाच उरले की तो बंद होतो, कारण आता मोकळी जागा हीच चढाईपटूची मदत असते. बोनसच्या गुणावर बाद झालेला गडी उठत नाही, हेही विसरू नये. बोनस गुणफलक हलवतो, पण संघाचे बळ वाढवत नाही.

गैरसमज 3 : अव्वल पकड आणि निर्णायक तिसरी चढाई हे टीव्हीसाठी काढलेले चमकदार नियम आहेत.

वस्तुस्थिती : 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात प्रो कबड्डी सुरू झाली आणि हे नियम घराघरात पोहोचले, हे खरे. पण त्यामागचे गणित खेळाच्या गाभ्यातले आहे.

पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंचे एकेक मीटरचे राखीव क्षेत्र झटापट सुरू झाल्यावरच खेळात येते. म्हणजे सुरुवातीला एका संघाला राखायचे क्षेत्र साडेसहा गुणिले आठ, म्हणजे 52 चौरस मीटर. सात गडी असताना प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेसात चौरस मीटर येतात. तीनच उरले की सतराच्या वर. साखळी मोडते, कोपरे उघडे पडतात आणि चढाईपटूला पळायला मैदान मोकळे मिळते. आधीच पिछाडीवर असलेला संघ आणखी खचतो, सगळे गडी बाद होऊन लोण बसतो आणि लोणचे दोन गुण जादा जातात. ही घसरगुंडी थांबवण्यासाठी तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या पकडीला, म्हणजेच अव्वल पकडीला, एक गुण जादा दिला जातो. कठीण काम, म्हणून मोबदला जास्त.

तिसऱ्या चढाईचा नियम उलट्या बाजूने काम करतो. आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून, कोणाच्या जवळही न जाता परत येऊ लागला तर पकडीच्या गड्याला संधीच मिळत नाही. म्हणून लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद.

अशी जुळवाजुळव कबड्डीला नवी नाही. पूर्वी संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा; एकदा बाजू फिरली की सावरणे अवघड. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, नुसते गुण मोजले जात. त्यामुळे पकडीचा धाक कमी. संजीवनीत एक मारला की एक उठतो. आजची कबड्डी या मधल्या वाटेवर उभी आहे, कारण तिथे शिक्षाही आहे आणि परतीची आशाही.

गैरसमज 4 : समतोल म्हणजे सगळ्यांना सारखे सामर्थ्य देणे.

वस्तुस्थिती : या समजाची परीक्षा एका अगदी वेगळ्या खेळात होऊन गेली आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 साली अमेरिकेत निघालेला, टेबलाभोवती बसून खेळायचा कल्पनारम्य खेळ. त्यात कोणी लढवय्या होतो, कोणी जादूगार. तिथलाही वाद हाच : जादूगार भारी की लढवय्या? 2014च्या आवृत्तीत पाचव्या पातळीचा जादूगार अग्निगोळा टाकतो, तेव्हा आठ फाशांची बेरीज होते, सरासरी 28. आणि एका टप्प्यात सापडलेल्या सगळ्या शत्रूंना तो भाजून काढतो. पण त्या ताकदीचे मंत्र त्याला दिवसातून दोन-तीनदाच म्हणता येतात. लढवय्या मात्र प्रत्येक पाळीला दोन वार करतो, कितीही वेळा. दिवसभरात सहा ते आठ झुंजी होतील हे धरून त्या आवृत्तीची आखणी केली होती. टेबलावर दिवसाला एकच झुंज खेळली, तर जादूगार सगळे मंत्र एकदम उधळतो आणि लढवय्या फिका पडतो. दोष त्या भूमिकांचा नसतो, परिस्थिती बदलल्याचा असतो.

त्याआधी, 2008च्या आवृत्तीत, सर्व भूमिकांना जवळजवळ एकाच साच्याचे डाव दिले होते. तराजूचा काटा मध्यावर आला, पण अनेक जुन्या खेळाडूंची तक्रार अशी की लढवय्या आणि जादूगार सारखेच वाटू लागले. 2014 साली ते वेगळेपण परत आणावे लागले. कबड्डीने हा मोह कधीच धरला नाही. चढाईपटूची हत्यारे वेगळी, पकडीची वेगळी. समान आहे ती जिंकण्याची संधी.

गैरसमज 5 : दांडगे गडी पकडीला, हलके चढाईला; आणि महिलांचे मैदान लहान, म्हणून खेळ सोपा.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय पातळीवर पुरुषांना 85 किलो आणि महिलांना 75 किलो अशी वजनाची मर्यादा आहे. नुसत्या वजनाने पकड विकत घेता येऊ नये, हा तिचा अर्थ. घोट्याची पकड ही ताकदीपेक्षा वेळेची करामत आहे. चढाईपटूचा भार ज्या पायावर आहे तो सोडून, उचलला जाणारा पाय नेमका ओळखावा लागतो. हे ओळखणारा लहान चणीचा कोपरारक्षक भल्याभल्यांना बसवतो.

महिलांच्या मैदानाचेही गणित करून पाहा. 12 बाय 8 मीटर, राखीव क्षेत्र वगळता एका बाजूला 36 चौरस मीटर. सात जणींमागे दरेक सव्वापाच चौरस मीटरसुद्धा येत नाही. चढाई करणारीला वळायला जागा कमी, म्हणजे पुरुषांपेक्षा तिची वाट अरुंद. मुंबईच्या शिवशक्तीसारख्या महिला संघांनी नाव कमावले ते या दाटीतून वाट काढून.

स्थानिक स्पर्धांमध्ये उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन स्वतंत्र बक्षिसे देण्याची रीत आहे. ती रीत मंडळांनी सोडू नये आणि प्रशिक्षकांनीही तिचा अर्थ मनावर घ्यावा : सरावाला आलेल्या प्रत्येक मुलाला दोन्ही कामे शिकवावीत, त्याची उंची आणि अंगकाठी बघून आधीच शिक्का मारू नये. प्रेक्षकांसाठी एकच सांगणे. पुढच्या सामन्यात गुणफलकाबरोबर आत किती गडी उभे आहेत तेही मोजत राहा. सहा-सात असतील तर बोनसचा दरवाजा उघडा पण साखळी भक्कम. चार-पाच असतील तर चढाईपटूचे पारडे जड. तीन किंवा कमी असतील तर पकडीचा एक डाव सामना फिरवू शकतो. चढाई भारी की पकड, याचे उत्तर दर 30 सेकंदांना बदलते, आणि ते बदलत राहते यातच या खेळाची थोरवी आहे.