आजारपणाचा पगार कोणी द्यायचा?

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून कातकरी, वारली, ठाकर कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर उतरतात. निघण्यापूर्वी शेठची उचल घेतलेली असते. मजुरी हजार विटांमागे, आणि तीही उचलीतून वजा. ताप आला तर त्या दिवशी विटा पडत नाहीत, उचल फिटत नाही. आठवड्याची खर्ची मात्र नावावर चढते. म्हणजे आजारपणाचा खर्च मालक नव्हे, मजूरच भरतो!

आम्ही बँकेत कारकून. डॉक्टरांचा दाखला दिला की आमची रजा मंजूर होते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९५३ चा शास्त्री निवाडा, १९६६ चा द्विपक्षीय करार, यांच्यामागे संघटनेचे बळ होते. भगवान बुद्धांनी आजारी भिक्षूची शुश्रूषा स्वतः केली, पण तेवढ्यावर न थांबता संघाला तसा नियमही घालून दिला. दया त्या दिवसापुरती असते, नियम राहतो.

प्रश्न नेहमी एकच : पैसा कोणाचा? १९२८ साली मुंबई कायदे मंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून सरकारने भार उचलावा. परंतु तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही मोकळे सोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. आडारकरांकडे आरोग्यविम्याची योजना सोपविण्यात आली, १९४४ साली अहवाल आला आणि १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला.

यातील मेख समजून घेण्यासारखी आहे. पगार थेट मालकाने द्यायचा म्हटले, तर तो आजारी माणसालाच काढून टाकील. म्हणून सर्वांच्या वर्गणीचा निधी केला. १ जुलै २०१९ पासून मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. त्यातून वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते.

पण दहापेक्षा कमी माणसे असतील तर योजना सक्तीची नाही. मग कंत्राटदार हजेरीपटावर नऊच नावे लावतो. सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी हवी. हंगामी कारखाने तर मूळ कायद्यातच वगळलेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती सूट ठेवली. ज्याचे पोट हंगामावर, तोच बाहेर!

विद्यार्थी मित्रांनो, तारापूरला कंत्राटदाराकडे काम धरलेत तर पहिल्याच महिन्यात विमा क्रमांक मागा. पगारातून कपात होते आणि क्रमांक मिळत नाही, असे दिसले तर पावती जपून ठेवा व संस्थेच्या कार्यालयात घेऊन या. अर्ज आपण लिहून देऊ.