काउंट किती?

दिल्लीत पाऊस ओसरला, की एक प्रश्न घराघरांत ऐकू येऊ लागतो. ‘काउंट किती आला?’ पहाडगंज-करोल बागेतल्या जुन्या मराठी बिऱ्हाडांतही तो विचारला जातो आणि नोएडा-गुरुग्रामच्या विसाव्या मजल्यावरही. कशाचा काउंट, हे विचारावं लागत नाही. घरात कुणाला तरी डेंगू झालेला असतो, सकाळ-संध्याकाळ प्लेटलेट मोजल्या जात असतात आणि आकडा शेअर बाजारासारखा वाचला जात असतो. पपईच्या पानांचा रस निघतो. शेळीचं दूध मिळेल त्या भावाला घेतलं जातं. सातव्या-आठव्या दिवशी आकडा चढू लागतो. तो बहुतेकांचा आपोआपच चढतो, पण श्रेय जातं शेवटी जिचं दूध प्यायलं त्या शेळीला.

ही धास्ती उगाच बसलेली नाही. १९९६ च्या साथीत दिल्लीत १०,२५२ रुग्ण नोंदले गेले आणि ४२३ जण दगावले. २०१५ मध्ये रुग्णांचा आकडा पंधरा हजारांवर गेला, त्या वर्षी अधिकृत मृत्यू ६० होते. डॉक्टर तेव्हापासून एकच गोष्ट सांगत आलेत: डेंगूत जीव धोक्यात येतो तो प्रामुख्याने रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्याने. म्हणून लघवी किती झाली, हातपाय गार पडलेत का, पोट दुखतंय का, याकडे आधी बघायचं. रक्तस्राव नसेल तर काउंट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. पण नातेवाइकांना लघवीचा हिशेब सांगून समाधान होत नाही, त्यांना आकडा लागतो.

हा आकडा ज्यांचा, त्या प्लेटलेट धड पेशीही नाहीत. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे ते तुटलेले कपचे. त्यांना केंद्रक नसतं आणि आयुष्य असतं जेमतेम आठ-दहा दिवसांचं. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात, आणि तो साठा टिकवायला मज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट घडवते. रक्तपेढीतही यांचा थाट वेगळा. लाल पेशींच्या पिशव्या फ्रिजमध्ये महिनाभर गुमान पडून राहतात. प्लेटलेटना थंडी सोसत नाही. त्यांच्या पिवळसर पिशव्या २० ते २४ अंशांत, एका सपाट ट्रेवर, तान्ह्या बाळासारख्या अष्टौप्रहर जोजवत ठेवाव्या लागतात. हलणं थांबलं की त्या एकमेकींना चिकटायला लागतात. एवढं करूनही पाच दिवसांत त्या वापरायच्या, नाहीतर फेकायच्या. साथीच्या दिवसांत ‘एसडीपी मिळेल का’ म्हणून जे फोन फिरतात, ते एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या अशा पिशवीसाठी.

चिकटणं हाच त्यांचा धंदा. विळीवर भाजी चिरताना बोट कापलं, की कापलेली वाहिनी पहिल्यांदा स्वतःला आवळून घेते. एरवी तिच्या आतलं अस्तर इतकं गुळगुळीत असतं, की प्लेटलेट त्यावरून घसरत पुढे जातात. अस्तर फाटलं की खालचे कोलॅजेनचे धागे उघडे पडतात. व्हॉन विलेब्रँड नावाचं एक लांबलचक प्रथिन त्यांना बिलगतं आणि धावत्या रक्तातून जाणाऱ्या प्लेटलेटना अडवतं. अडकलेली प्लेटलेट आपला आकार बदलते, तिला पाय फुटतात आणि ती रसायनं सोडून आणखी प्लेटलेटना हाक मारते. काही मिनिटांत भगदाडावर बोळा बसतो.

बोळा मात्र कच्चा. त्याला पक्कं करायला दोरा लागतो आणि दोऱ्याचा कच्चा माल रक्तात आधीच विरघळलेला असतो, फायब्रिनोजेन या नावाने. थ्रॉम्बिन हे एन्झाइम त्याच्या मधल्या भागातले छोटे तुकडे छाटतं, उरलेले भाग एकमेकांत गुंतून फायब्रिनचं जाळं होतं आणि तेरावा घटक त्या जाळ्याला गाठी मारतो. रक्त साकळतं म्हणजे एवढंच: पातळ प्रथिनाची दोरी होते आणि तिच्यात लाल पेशी, मासळीसारख्या, सापडतात. वर वाळते ती खपली.

थ्रॉम्बिन आयतं रक्तात फिरत नाही, ही मोठीच मेहेरबानी. गरज पडेल तेव्हा ते घडतं, एका घटकाने दुसऱ्याला जागं करत. या घटकांना रोमन आकडे दिलेत आणि त्यात सहावा नाहीच; जो सापडला म्हणून क्रमांक दिला, तो पाचव्याचंच दुसरं रूप निघाला. आठवा कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा नसेल तर बी. आणि इथेच काउंटची मिजास उतरते. हिमोफिलियाच्या मुलाचा काउंट अगदी नॉर्मल असतो. बोळा बसतो, दोरा येत नाही, आणि गुडघ्यात रक्त साचून पाय आखडतो. अशा घरांना एकत्र आणणारी हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) १९८३ मध्ये दिल्लीतच उभी राहिली.

कोकणातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला हा सगळा प्रकार एका काचेच्या नळीत दिसतो. घोणस किंवा फुरसं चावलेला माणूस आला, की त्याचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती तिरपी करायची. रक्त गोठून तळाला बसलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विष भिनलंय, प्रतिविष द्यायचं. घोणशीचं विष रक्त ‘पातळ करतं’ असं गावात म्हणतात. खरं तर ते दहाव्या आणि पाचव्या घटकाला नको तिथे, नको तेव्हा चेतवतं. साऱ्या शरीरभर बारीक-बारीक गोठण सुरू होऊन फायब्रिनोजेनची उधळपट्टी होते आणि खऱ्या जखमेसाठी दोरा शिल्लक राहत नाही. लंडनच्या मॅकफार्लन आणि बार्नेट यांनी १९३४ मध्ये हेच विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर वरून लावून रक्त थांबवून दाखवलं होतं. दिल्लीतल्या मोठ्या प्रयोगशाळांत आजही घोणशीचं पातळ केलेलं विष असतं. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईच्या रक्तात गुठळ्यांना निमंत्रण देणारी प्रतिपिंडं आहेत का, ते त्याने तपासतात.

नळी काचेचीच का? प्लॅस्टिकमध्ये रक्त आळसावतं. काचेला टेकलं की बारावा घटक जागा होतो. या घटकाला हेगमन म्हणतात, आणि जॉन हेगमन हा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा रेल्वेतला ब्रेकमन. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्याचं रक्त नळीत गोठेचना. डॉक्टर हबकले, पण गडी ठणठणीत. रक्तस्रावाची तक्रार कधीच नव्हती. ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ मध्ये ही हकीकत छापली. नळीतलं गोठणं आणि शरीरातलं गोठणं ही हुबेहूब एकच गोष्ट नव्हे, हे त्यातून कळलं. १९६८ मध्ये हेगमन पडला, कमरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळला आणि गेला. कशाने? फुप्फुसात जाऊन अडकलेल्या गुठळीने.

दिल्लीला गुठळीची ही दुसरी बाजू नीट कळली २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये. ऑक्सिजनच्या सिलिंडरइतकाच तेव्हा ‘डी-डायमर’ हा शब्द तोंडोतोंडी झाला. गुठळीचं काम संपलं की प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम फायब्रिनचं जाळं कुरतडून साफ करतं, आणि त्या कुरतडण्याचा भुगा म्हणजे डी-डायमर. भुगा फार दिसला, तर कुठेतरी फार सुतारकाम चाललंय असा तर्क. कोविडच्या विषाणूने वाहिन्यांचं ते गुळगुळीत अस्तरच सुजवलं होतं.

तिमारपूरच्या लखनौ रोडवर संरक्षण खात्याची एक संस्था आहे, डिपास. तिला गुठळ्यांची चिंता कोविडच्या आधीपासूनची, आणि तिचे रुग्ण वेगळे: पंचविशीतले, धावायला-चढायला तयार झालेले जवान. १९८४ पासून सियाचीनवर फौज आहे. तिथे हवा विरळ, म्हणून शरीर लाल पेशी वाढवतं आणि रक्त दाट होतं. तहान लागत नाही, म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. बर्फवादळ आलं की दिवसेंदिवस तंबूत पाय मुडपून बसायचं. दिल्लीहून निघणाऱ्या ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये २००१ साली लष्करी डॉक्टरांनी मांडलं, की उंचावरच्या दीर्घ मुक्कामात गुठळीचा धोका सुमारे तीस पटींनी वाढतो. पायातल्या, फुप्फुसातल्या, क्वचित मेंदूतल्या गुठळ्या, आणि त्याही धडधाकट पोरांना.

डिपासच्या शास्त्रज्ञांनी नेमका काउंटपलीकडचा प्रश्न विचारला: प्लेटलेट किती हे सोडा, त्या वागतात कशा? ‘ब्लड’ या नियतकालिकात २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या कामानुसार प्राणवायू कमी पडला की प्लेटलेटमधली प्रथिनं बदलतात, कॅल्पेन नावाच्या एन्झाइमची लगबग वाढते आणि प्लेटलेट चिडखोर होतात. जखम नसतानाही चिकटायला बघतात. २०१७ मध्ये त्यांनी शरीरातल्या दाह उठवणाऱ्या एका यंत्रणेकडे बोट दाखवलं, जी विरळ हवेत आधी भडकते आणि मागाहून शिरेत गुठळी धरते. लॅबच्या रिपोर्टवर या स्वभावाचा रकाना नसतो. दीड लाख शांत प्लेटलेट आणि दीड लाख चिडक्या, दोन्हींचा आकडा सारखाच.

गुठळी धरू नये म्हणून आयुष्यभर औषध घेणारेही दिल्लीत कमी नाहीत. हृदयात धातूची झडप बसवलेला माणूस वॉरफेरिन घेतो. १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलेलं हे औषध. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक घडवायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं, आणि वॉरफेरिन नेमकं त्यात खोडा घालतं. के येतं हिरव्या पाल्यातून. म्हणून थंडी पडली, मंडईत मोहरीच्या पाल्याचे ढीग लागले, की अशा रुग्णाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, जो बहुधा २ ते ३ च्या घरात ठेवायचा असतो, घसरतो. डॉक्टर चिठ्ठीवरून नजर न उचलता विचारतात, ‘साग खाया?’ पेशंट ओशाळून हसतो. साग बंद करा, असं आता सांगत नाहीत. आठवड्याला जेवढा खाता तेवढाच खा, एकदम वाढवू नका, की गोळीचा हिशेब त्या पाल्यासकट बसवता येतो.