एका नुक्त्याचा फरक

उर्दूच्या वर्गात नवीन मुलं आली की मी फळ्यावर दोन शब्द लिहिते. ‘खुदा’ आणि ‘जुदा’. अक्षरांची ठेवण सारखीच. पहिल्या अक्षराचा नुक्ता वर दिला की खुदा, पोटात दिला की जुदा. आपल्या रक्तातही असंच एक लिखाण आहे. त्याची आठवण चाचांमुळे झाली.

चाचा मीरा रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षांची बिडीची सवय. हल्ली दुसऱ्या मजल्यावरच दम लागून थांबतात. मी बोलले तर म्हणाले, “बेटा, धूर तर मी बाहेर सोडतो. मग आत काय बिघडतं?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं :

फुप्फुसात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी धावतात आणि इलास्टेज नावाचं विकर सोडतात. हे विकर प्रथिनं तोडतं. पण ते मोकळं सुटलं तर फुप्फुसातल्या हवेच्या नाजूक पिशव्यांच्या भिंतीही कुरतडतं. त्याला आवर घालणारं प्रथिन आपलं यकृत बनवतं आणि ते रक्तद्रवातून फुप्फुसात पोहोचतं. त्याचं नाव अल्फा-वन अँटिट्रिप्सिन.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीसच प्रकारचे. अर्थ ठरतो तो त्यांच्या क्रमावर. हा क्रम वाचण्याची रीत स्वीडनच्या पेर एडमन यांनी १९५० मध्ये दाखवली. टोकाचा एक मणी सोडवायचा, ओळखायचा, मग पुढचा. लांब माळ अशी सलग वाचता येत नाही. म्हणून तिचे वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा आणि दोन तुकड्यांत सारखा आलेला भाग पाहून ते जुळवायचे. फाटलेलं पत्र जोडावं तसं. अशा कामातून या प्रथिनाच्या ३९४ मण्यांचा क्रम हाती आला. न्यूझीलंडचे रॉबिन कॅरेल आणि सहकाऱ्यांनी तो १९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला.

क्रम कळल्यावर नुक्त्याचा खेळ दिसू लागला. ३५८ व्या जागी मेथिओनिन असतं. ते जणू पिंजऱ्यातलं आमिष. इलास्टेज त्याच्याजवळ तोंड घालतं आणि अडकतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका मुलात या जागी आर्जिनिन होतं. त्यामुळे हे प्रथिन इलास्टेजऐवजी रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच पकडू लागलं. मार लागला की रक्तस्राव थांबेना. चौदाव्या वर्षी तो मुलगा गेला. ३९४ मण्यांपैकी बदलला होता फक्त एक.

३४२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं, तर प्रथिन यकृतातच अडकून राहतं आणि फुप्फुसं उघडी पडतात. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार संभवतो. भारतात तो विरळा आहे.

चाचांच्या रक्तातलं लिखाण बहुधा बरोबरच असेल. पण धुरातले घटक त्याच ३५८ व्या मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटवतात. क्रम तोच राहतो, आमिष मात्र निकामी होतं. वर धुरामुळे फुप्फुसात पांढऱ्या पेशींची गर्दी वाढते, म्हणजे इलास्टेजही वाढतं. पहारेकरी लुळा आणि चोर जास्त! हवेच्या पिशव्यांच्या भिंती फाटत जातात. धूर बाहेर गेला तरी हे नुकसान आतच राहतं.

मी वहीत माळ काढून चाचांना हे सगळं सांगितलं. फळ्यावरचा नुक्ता चुकला तर पुसून पुन्हा देता येतो. फाटलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. मात्र बिडी सुटली तर पुढची पडझड मंदावते, वय कितीही असो.

चाचा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग खिशातलं बंडल काढून माझ्या हातात दिलं. “नंबर वाच,” म्हणाले. तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत क्रमांक : १८००-११-२३५६. फोन त्यांनी स्वतःच लावला.