बूट कॅम्प : दरारा मोठा, गुण शून्य
अमेरिकेत १९८३ मध्ये प्रौढ कैद्यांसाठी निघालेले लष्करी थाटाचे बूट कॅम्प लवकरच अल्पवयीनांच्याही वाट्याला आले. पहाटेची कवायत आणि सतत अंगावर ओरडणारे पहारेकरी, हाच काय तो उपचार! फ्लोरिडातील पनामा सिटीतल्या अशाच एका कॅम्पमध्ये ५ जानेवारी २००६ रोजी, दाखल झाला त्याच दिवशी, १४ वर्षांचा मार्टिन ली अँडरसन धावता धावता थांबला. पहारेकऱ्यांनी त्याला दाबून धरले, तोंड बंद करून नाकाशी अमोनियाच्या कुप्या लावल्या. परिचारिका शेजारी उभी होती. हे सारे कॅमेऱ्यात आहे. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच वर्षी फ्लोरिडाने असे कॅम्प बंद केले; २००७ मध्ये या प्रकरणातील पहारेकरी आणि परिचारिका असे आठही आरोपी निर्दोष सुटले. संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॅम्पबेल संस्थेच्या २००५ च्या आढाव्यानुसार, कॅम्पमधून आलेले आणि न गेलेले यांच्या पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात सरासरी फरक नाही.